पेटीची उंची

परिपत्रक आलं तेव्हा डोमाजीनं तक्रारपेटी ठोकली
ऑफिसच्या दाराशी, आपल्या खांद्याच्या मापानं.
डोमाजी सहा फुटांचा.
टिमकीतली आमची शाळा पहिली ते चौथी.

सहा महिन्यांत निघालं ते एवढंच:
चिप्सचं चपटं पाकीट,
कुणाचं तरी वीजबिल,
आणि मोठ्या माणसाच्या अक्षरात, खिचडीत खडे येतात.

जूनमध्ये मीच स्क्रू काढले.
पहिलीतली सगळ्यांत बुटकी पोट्टी भिंतीशी उभी केली,
तिच्या नाकाच्या रेषेत पेन्सिलीनं खूण केली
आणि पेटी तिथे बसवली.
हेडसर म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याले लागन ना बाप्पा.
लागू द्या, म्हटलं.

ऑक्टोबरात एका मंगळवारी चित्र निघालं.
व्हॅन. चार चाकं, खिडक्यांत गोल गोल डोकी, हसणारी.
फक्त पुढची सीट, ड्रायव्हरशेजारची,
काळ्या खडूनं इतकी घोटलेली
की कागद फाटून पलीकडे माझं बोट दिसलं.

नाव नाही.
व्हॅनमध्ये पोरं सतरा.

तीन दिवस शाळा सुटताना फाटकाशी उभी राहिले,
हातात उगाच हजेरीपट.
बाकीची पोरं खिडकीसाठी भांडत होती, रोजसारखी.
ओजल हेडाऊ, दुसरी ब, पायरीवर बूट घालत होती.
चर्र, पट्टा उघडला. दाबला. पुन्हा चर्र.
वेल्क्रोचा बूट.
तो असा कितीदा घालायचा असतो?

आणि हे मी कुठल्याच जबाबात लिहिलं नाही:
गेल्याच महिन्यात मी तिला म्हणाले होते,
आटप गं, काका थांबलेत.

तिच्याशेजारी बसले. पायरी तापलेली.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रश्नात उत्तर पेरू नका.
मी प्रश्नच विचारला नाही.
बऱ्याच वेळानं ती बुटाशीच बोलल्यासारखी म्हणाली,
"कोणाले सांगान नाही न, मॅडम?"

खोटं अगदी ओठाशी होतं.
नाही गं राणी, कोण्णाला नाही.
वीस वर्षं असल्याच गोड शब्दांनी
मी मुलांचं रडू थांबवत आले.

"सांगीन," म्हटलं. "ज्यांना हे थांबवता येतं, त्यांना.
वर्गात नाही. गल्लीत नाही."

चर्र.
गेली, वाटलं. हातातून गेली.

मग तिनं पट्टा दाबला, घट्ट,
आणि सांगितलं.

काय सांगितलं ते या कवितेत नाही.
ते तिच्याच शब्दांत एका कागदावर आहे,
तारीख आणि वेळेसकट, ज्यांच्याकडे असायला हवं त्यांच्याकडे.

हेडसर दोनदा पाणी प्याले.
शाळेचं नाव, म्हणाले, आणि तिथेच अडकले.
मग फोन त्यांनीच माझ्याकडे सरकवला.
एक. शून्य. नऊ. आठ.

त्या दुपारी सतरा पोरं आम्ही घरोघरी पोचवली,
डोमाजी पुढे, दोन्ही हातांना चार-चार बोटं लटकलेली,
गोळीबार चौकात त्यानं सगळी रहदारी थांबवली,
कुणीही हॉर्न वाजवला नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

पेटी उघडायला मला आता खाली बसावं लागतं.
गुडघे कुरकुरतात.
आजची चिठ्ठी:
अथांगने माज खोडरबर चावल.

मी तीही वहीत चढवते.
तारीख घालते.
अथांगला बोलावते.