नव्वद दिवसांची मुदत

टोलीडोत जानेवारी. तळघराच्या खिडकीबाहेर बर्फ
एवढा साचलेला, की जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात.
जेनीव्ह म्हणते, आधी गाणी लिहायची नाहीत.
आधी अल्बम कशाचा ते ठरवायचं.
गेल्या वेळी बारा गाणी नुसती बडबड केली आपण
आणि तेराव्यात सगळ्यांचे आभार मानले.

मी म्हटलं, शहराचा करू. काचेचे कारखाने, नदी, पूल.
ती म्हणाली, शहराचा सगळेच करतात
आणि शहर कुणाचाच ऐकत नाही.
मग तुझ्या वडिलांचा?
तिने पेन दातात धरलं. म्हणजे नाही.

बऱ्याच वेळाने पिझ्झाच्या खोक्यावर तिने एकच शब्द लिहिला:
गहाण.

एकेक गाणं एकेक वस्तू,
सलीबाच्या दुकानातल्या काचेमागून बोलणारी.
ट्रम्पेट, ज्याच्या तोंडाशी ओठांचा डाग अजून आहे.
अंगठी, तीनदा गेली तीनदा परतली,
चौथ्यांदा बोटच सुजलं होतं.
बर्फ उपसायचं यंत्र, जे मे महिन्यात गहाण पडतं
आणि डिसेंबरात रडवतं.
ध्रुवपद म्हणून नुसता पावतीचा नंबर,
आणि खालचा ठोका दर खेपेला किंचित जड.
ते व्याज, ती म्हणाली.
ऐकणाऱ्याला कळायची गरज नाही, खांद्यांना कळेल.

नव्वद दिवसांची मुदत, म्हणून नऊ गाणी.
दहावं असेलच तर नंतर बघू.

माझं ड्रम मशीनही सलीबाकडचंच,
नोव्हेंबरात एकशेचाळीस डॉलरला घेतलेलं.
सोळा बटणं, आठवं फुटकं,
त्यावर कुणीतरी बाटलीचं झाकण चिकटवलेलं.
त्या रात्री जागा करायला जुनं पुसत बसलो
तर एक्केचाळिसाव्या खणात काहीतरी सापडलं. माझं नव्हे.
गळता नळ तालात, खुर्ची ओढल्याचा आवाज,
एक पोर सातपर्यंत मोजतं आणि अडतं,
कुणीतरी हसतं.
नाव दिलेलं: रेनीसाठी, दोन.

दोन. म्हणजे एकही होतं.

जेनीव्हने अंगातला कोट न काढता अकरा वेळा ऐकलं.
सकाळी दुकानात गेलो. सलीबा चष्मा पुसत म्हणाला,
नावं मी देत नाही. कायदा आहे, आणि लाजही आहे.
एवढंच सांगतो, मुदतीच्या आदल्या दिवशी फोन आला होता,
दोन दिवस थांबा म्हणून.
मी चार थांबलो.

पाचव्या दिवशी मी गेलो होतो. घासाघीस केली होती,
फुटक्या बटणाचे वीस कमी करून घेतले होते.

परतताना गाडीत मी म्हटलं, यावर शब्द घाल,
झालं आपलं दहावं.
ती म्हणाली, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बूट घालून शिरू?
मग सिग्नलला थांबलो तेव्हा, खिडकीकडे बघत:
रूफस, आपण काचेच्या त्या बाजूला नाहीच आहोत.
आपण गिऱ्हाईक.

नऊच्या नऊ गाणी उलटी फिरली.
आता ट्रम्पेट बोलत नाही,
स्वस्तात मिळालं म्हणून नाचत घरी नेणारा बोलतो.
अंगठी जिला मिळाली ती आतल्या बाजूची अक्षरं
अंगठ्याच्या नखाने खरवडते.
लिहायला फार जड गेलं. दोनदा भांडलो.
एकदा तिने मशीनच खिडकीतून फेकायला उचललं
आणि बाळ ठेवावं तसं परत ठेवलं.

एक्केचाळिसावा खण तसाच आहे.
अल्बम उरलेल्या जागेत बसवतोय, म्हणून आवाज थोडे.

सलीबाला सांगून ठेवलंय:
पुन्हा फोन आला तर एकशेचाळीसच. वर काही नाही.
अल्बम पुरा होईपर्यंत मात्र येऊ नये,
असंही एकदा माझ्या मनात आलं. मी बोलून गेलो.
जेनीव्हने तेवढंच उचललं.
नवव्या गाण्यात आहे, माझ्याच आवाजात.