नाकासमोर

टॉर्क्विल गेडीजचं नाक गेलं त्या हिवाळ्यात
स्पे नदीच्या काठांनी बर्फ धरला होता.
ताप आला, आठ दिवसांनी उतरला,
जाताना वास घेऊन गेला.
कंपनीला हे अजून माहीत नाही.
मला माहीत आहे, आणि त्याच्या कुत्र्याला.

एकेचाळीस वर्षं हा माणूस नाकासमोर चालला,
रॉथेसच्या गोदामात, अंधारात, पिंपामागून पिंप.
आता दर गुरुवारी मी ओतते, मी हुंगते, मी सांगते
आणि तो सही करतो.

आज पाच घरच्या माल्टांची सोयरीक जुळवायची होती.
पाचही शेरीच्या पिंपात मुरलेले,
कुणी बारा वर्षं, कुणी एकोणीस.
हेरेथच्या उन्हात वाळलेलं ओकचं लाकूड
आधी पोटभर ओलोरोसो प्यालं, मग बोटीत बसून इकडे आलं
आणि या थंडीत, प्यालेलं सगळं
हळूहळू सांगत बसलं.

"रंग?"
रंग त्याला दिसतो, पण विचारायची सवय.
"तांब्याचा. घासलेल्या नव्हे, वापरातल्या."
"वास?"
"मनुका. शेगडीवर वाळत ठेवलेली संत्र्याची साल.
अक्रोड. मग…
मग लवंग."

त्याने पेला उजेडात तिरका धरला होता.
काचेवरून थेंब उतरत होते सावकाश,
कठडा धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.

"लवंगेआधी काय होतं?"
"काही नाही."
"मोर्वेन, तू लवंगेआधी थांबलीस. पाणी घाल."
चमचाभर घातलं. पेल्यात तेलकट रेघा
हलल्या, विरल्या. मी गप्प.
"कुठेतरी पाणी मुरतंय," म्हातारा म्हणाला
आणि फरशी पुसणाऱ्या बेसीला हाक मारली.

आम्ही शिकलेले लोक नाकाने कांदे सोलतो.
बेसीने हात एप्रनला पुसले, पेल्यात नाक खुपसलं:
"काडी. काडेपेटीची, विझवलेली.
माझा बाप पाइप पेटवून काडी खिशात टाकायचा,
त्याच्या कोटाला यायचा हा."
आणि पुन्हा हुंगलं. कुणी न सांगता.

गंधक.
हेरेथमध्ये कुणीतरी रिकाम्या पिंपात
गंधकाची वात जाळली असणार, जरा जास्तच वेळ.
चौथी रांग, पिंप अकराशे सत्तेचाळीस.
वही उघडावीच लागली.
निवडलं होतं त्यानेच,
नाक शाबूत असताना, सही ठसठशीत.
म्हणून तर मी लवंगेवर उडी मारली होती.

त्याने सही पाहिली. तिच्यावरून बोट फिरवलं.
मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला, बराच वेळ.
त्याच्याकडे आता एवढंच उरलंय:
थोडी गोडी, थोडा कडवटपणा,
आणि छातीतून खाली जाणारी आच.
"जिभेच्या कडेला लाकूड आहे," म्हणाला. "चांगलं लाकूड."

"काढून टाकू ते पिंप?"
"निम्मं ठेव."
"निम्मं?"
"बेसीने दोनदा हुंगलं."

खाली अंगणातून बार्लीच्या चोथ्याची गाडी निघाली,
वाफाळती, कुणाच्या तरी गुरांसाठी.
त्याने खिडकी उघडली, सवयीने छाती भरून घेतली.
"येतोय वास?"
"येतोय."
"कसा?"

या वेळीही मी थांबले,
आणि थांबल्याचं लपवलं नाही.