चौदाशे बहात्तर

अंबडच्या वसाहतीत, वजनकाट्यामागच्या गल्लीत
कोठावदेंचा कारखाना.
ॲल्युमिनियमची ओतकामं, आणि प्रत्येक नगाचा एक्स-रे.
आत कुठे बुडबुडा राहिलाय का, ते बघायला.
फोटो जड. एकेक म्हणजे शिगोशीग भरलेलं पोतं.
जुनी तार दमली, म्हणून हे नवं कार्ड:
पंचवीस गिगाचं, तळहाताएवढं,
किंमत माझ्या दोन पगारांची.

बसवण्याआधी मी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावते,
अंगातली वीज उतरवते.
ही सवय दादांची. ओझरला फिटर होते.
म्हणायचे, यंत्राला शिवायच्या आधी
आपण रिकामं व्हावं.

पहिल्या खाचेत बसलं. हिरवा दिवा लागला.
वेग मात्र निम्म्यावर अडलेला.
ड्रायव्हर बदलला. तार बदलली.
कोठावदे दोनदा येऊन उभे राहिले, काही न बोलता गेले.
मग मदरबोर्डाचं पुस्तक काढलं, अकरावं पान:
खाच दिसायला सोळा पदरी, आतून चारच.
वरून उड्डाणपूल, खाली द्वारका चौक.
स्क्रू काढले. दुसरी खाच.
सुटलं.

इथेच थांबायला हवं होतं.
पण मला हाव सुटली.
छोट्या पुड्यांऐवजी मोठी पाकिटं पाठवू,
पंधराशेचं नऊ हजार करू.
इकडे केलं, एक्स-रेच्या यंत्रावर केलं.
आणि रात्री साडेदहाला सगळं गप्प.

गप्प म्हणजे मेलेलं नाही.
विचारलं, आहेस का? उत्तर येतं, आहे.
क्षणात. हजारातला एकही हुकत नाही.
फोटो पाठवला की मात्र
शून्य टक्क्यावर निळी पट्टी,
ना चूक, ना तक्रार.

तेवढ्यात दादांचा फोन.
जेवलीस?
हो.
गारठा आहे का तिकडे?
आहे.
गोळी घेतली?
घेतली.
मग आम्ही दोघंही थोडा वेळ
फोन कानाला लावून बसलो.

स्कूटर विकायला काढलीय, हे मला त्यांना सांगायचं होतं.
आडगाव नाक्यावर पडल्यापासून,
म्हणजे दिवाळीपासून सांगायचं होतं.

भोये वॉचमननी काळा चहा आणला.
पेठचे. थंडीत अनवाणी.
पडद्याकडे बघून म्हणाले,
काय म्याडम, ऐकत न्हाई का?
ऐकतंय, म्हटलं. थोडं थोडं सांगितलं तर.

मग मी मापून पाठवायला लागले.
तुकडे करायचे नाहीत, अशी ताकीद देऊन.
चौदाशे. आलं.
साडेचौदाशे. आलं.
चौदाशे बहात्तर. आलं.
चौदाशे त्र्याहत्तर.
काही नाही.
एका अक्षराने. पलीकडे विहीर.

दोन्ही टोकं तयार होती. मधला स्विच नव्हता.
भिंतीवर, धुळीत, कुणी सेटिंग न केलेला,
स्वतःला मावेना ते मुकाट टाकून देत होता,
कुणाला कळवायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटं.
पट्टी धावली. पहिला नग पडद्यावर उमटला,
करडा, स्वच्छ, डाव्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा.
भोये म्हणाले, हा तर नापास.
आणि आम्ही दोघं हसलो.

घरी आले तर दादा जागे,
मफलर गुंडाळून, रेडिओ बंद.
झालं का?
झालं.
काय होतं?
मी सगळं सांगितलं, खाच, पाकिटं, मधला स्विच.
त्यांनी सगळं ऐकलं, फिटर ऐकतो तसं, मान तिरकी करून.
मग पाण्याचा तांब्या झाकत म्हणाले,
संध्याकाळी तुझं गिऱ्हाईक आलं होतं.
किक बसत नव्हती त्याला.
मीच मारून दाखवली.