मोजमाप

उमेओच्या शोरूममध्ये इंगेयेर्द
एसयूव्हीत बसली, म्हणजे नुसती मागे सरकली.
वाकणं नाही, कण्हणं नाही.
गुडघ्यांना पत्ताच लागला नाही.

स्टुरे मागच्या दारात, फूटपट्टी लावून:
उंची भरपूर, लांबी वीतभर कमी.
जुन्या वॅगनमध्ये तो पाय पसरून झोपलाय,
तळ्याकाठी, बुटांसकट.

"आता मागे कोण झोपणार आहे?"
ती वरूनच म्हणाली.

उत्तर बाहेर बर्फात उभं होतं.
तेरा वर्षांची कुत्री, मागचे पाय अधू,
वॅगनमध्ये अजून आपली आपण चढते.
इथे तिनं पुढचे पंजे टेकवले
आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

घडीचा उतार मिळतो, विक्रेता म्हणाला; वेगळे पैसे.

इंगेयेर्द खाली उतरली.
वॅगनच्या खोल सीटमध्ये
दाराला धरून बसली,
डावा पाय हातानं उचलून
आत घेतला.