बोबीनचं पथ्य

कॅलेंडरवर डाव्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब,
उजव्या कोपऱ्यात बोबीनच्या शीचा.
घट्ट असेल तर टिंब, पातळ असेल तर फुली.
मार्च सगळा फुल्यांचा.

तो मागाखाली सापडला होता,
टाकाऊ सुताच्या गुंत्यात, मुठीएवढा.
जन्मला सोलापुरात
आणि पोट घेऊन आला कुणा परक्या गावाचं.
शेंगाचटणीचं बोट जरी चाटलं
तरी रात्री तीनला दार खरवडणार,
मी चप्पल शोधेपर्यंत
उंबऱ्यावरच काय ते होणार.
आणि नळाला पाणी चार दिवसांआड.
ज्यांच्याकडे रोज येतं
त्यांना ह्यातली गंमत कळायची नाही.

होटगी रोडच्या डॉक्टर हत्तुऱ्यांनी
त्याचं पोट दाबून बघितलं,
मग मलाच विचारलं, खातो काय?
म्हणालो, आम्ही खातो तेच की.
चष्म्यावरून बघत म्हणाले, अहो बोद्दुल,
तुम्ही खाता ते मलाही सोसत नाही.

कागदावर लिहून दिलं:
आसट भात. लाल भोपळा, उकडून.
कोंबडीची छाती, कातडं काढून, बिनमिठाची.
कांदा नको, लसूण नको, दूध नको, हाड नको.
नवीन काही घालायचं तर एका वेळी एकच,
चिमटीभर,
आणि चार दिवस वाट बघायची.
खाली दोन रेघा मारून: घाई करू नका.

हे मला कुणी सांगायला नको होतं.
तीस वर्षं जॉबर आहे मी.
माग बिघडला की सगळे नट एकदम पिळणारी पोरं
किती आली, किती गेली;
त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही
कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं.
एक नट पिळायचा.
टॉवेलभर विणून बघायचं.

तसा भात लागला. भोपळा लागला.
अंड्यानं दगा दिला.
ज्वारीची भाकरी, ताजी, पाण्यात कुस्करून, चालली;
त्या दिवशी खात्यात पेढे वाटायचे तेवढे राहिले.
तरीही रविवारी सकाळी फुली.
दर रविवारी.
बाकीचा आठवडा सरळ धाग्यासारखा
आणि तिथंच तुटलेला.

मग एका शनिवारी मी संध्याकाळी
जिन्याखाली अंधारात बसून राहिलो.
आमच्या चाळीतली राजव्वा कोडम
कारखान्यात विड्या देऊन आली,
हप्त्याचे पैसे कमरेला, हातात खारीचा पुडा.
दोन कप चहा ओतला. मुलगा भिवंडीला आहे,
तरी दोन.
एका कपात खारी बुडवून
तिन्नावा रा, म्हणाली,
आणि बोबीन, ज्याच्यासाठी मी भोपळा
सालं काढून, किसून, चाळून उकडतो,
तो असा खात होता
की मला माझ्या भोपळ्याची लाज वाटली.

तिला काय सांगणार?
तुझी माया ह्याला बाधते, असं म्हणायचं?
पुढच्या शनिवारी वाटी घेऊनच गेलो.
म्हटलं, हे दे. तुझ्या हातानं दे.
तिनं आधी स्वतः चव घेतली.
तोंड वाकडं केलं. मीठ न्हाई की बे ह्यात.
बराच वेळ वाटीकडं बघत राहिली.
डॉक्टरनं मलाबी असंच सांगितलंय, म्हणाली,
मी कुठं ऐकते.

बोबीननं वाटी चाटूनपुसून साफ केली,
मग तिची तंबाखूची बोटं हुंगली,
खारी शोधत.

त्या रात्री दार वाजलं नाही.
तीनला मीच उठलो, सवयीनं,
अंधारात चप्पल चाचपडत.
बोबीननं एक डोळा उघडला,
माझ्याकडं बघितलं, काय बे, असं,
आणि कूस बदलली.