दोन डगरी

नकाशावर मी दोन रेघा ओढल्या होत्या,
एक निळी, एक तांबडी.
पंचायतीचा स्तेइन्थोर चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"झालं की मग. एक तुटली तर दुसरी."
मीही मान डोलावली.
कॉफी चांगली होती त्या दिवशी.

कागदावर त्यांच्यात बोटभर अंतर.
पुलावर मात्र
एक डाव्या कठड्याखालून, एक उजव्या,
कारण पूल एकच,
आणि आइसलंडच्या त्या काळ्या वाळूत
दुसरा बांधायला कुणाचा बाप येणार होता?

ऑक्टोबरात हिमनदीच्या पोटात पाणी साठत राहिलं
आणि एका पहाटे फुटलं.
खोलीएवढे बर्फाचे चिरे, गंधकाचा वास.
पूल गेला.
जाताना निळीही घेऊन गेला, तांबडीही.
तेलही गेलं, तूपही गेलं,
माझ्या हाती रंगीत नकाशा.

पलीकडे एकेचाळीस घरं, एक दवाखाना,
आणि इंगिलेइफ, वय एक्क्याण्णव,
गळ्यात लाल बटण.
न्हाणीघरात पडली. बटण दाबलं.
बटण दाबलं.
बटण दाबलं.
शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं म्हणून कळलं.
खुबा मोडलेला.
मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली,
"कुत्र्याला पगार सुरू करा."

ओड्नी काचेचे तंतू जोडते,
केसाला केस चिकटवावा तसे, व्हॅनच्या मागच्या फळीवर,
बोटांवर फुंकर घालत.
तिनं माझा नकाशा पाहिला, घडी घालून परत दिला.
"दोन वाटा कधी म्हणायच्या?
दोघींना एकच मरण येत नसेल तेव्हा."
आणि पुन्हा कामाला लागली.

दोन डगरींवर हात ठेवणारा माणूस
भरवशाचा नसतो म्हणतात.
त्यानंतरचे दोन उन्हाळे मी तेवढंच केलं.

दुसरी वाट पूर्वेकडून आणली,
दुसऱ्या एक्स्चेंजातून, दुसऱ्या विजेवर,
त्या नदीचं तोंडही न बघता.
लाव्ह्यावरचं शेवाळ चादरीसारखं उचललं,
खाली नळी निजवली, चादर परत पांघरली.
खाटीकखान्यामागच्या पेटीत दोन्ही येऊन मिळाल्या;
तिथून पुढे घराघरांत एकेक.
बासष्ट किलोमीटर.
स्तेइन्थोरनं बिल दोनदा वाचलं.
"आणि हिच्यातून जाणार काय?"
"बहुतेक काही नाही," मी म्हणालो.
खोटं कशाला बोलायचं?

महिन्यातून एकदा ओड्नी तिच्यात उजेड सोडते,
किती परत आला ते मोजते,
वहीत आकडा लिहिते.
बाकी अंधार. भरलेला, राखलेला.

या फेब्रुवारीत बर्फ उपसणाऱ्या नांगरानं
पश्चिमेची तार उचकटली.
पहाटे तीन बारा.
नोंद एवढीच: बदल झाला, त्रेचाळीस मिलिसेकंद.
इंगिलेइफला झोप नव्हती;
मेलबर्नचा पणतू पडद्यावर जांभई देत होता.
जांभई तुटली नाही.
कुत्रंही उठलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पंचायतीचं पत्र आलं:
पूर्वेची तार वापरात नाही असं दिसतं,
ती भाड्यानं देता येईल का?

पत्र टेबलावर आहे.
त्यावर कॉफीचा कप ठेवलाय.