एम आणि टिंब

आपल्याकडे टिंब अक्षराच्या डोक्यावर बसतं
आणि नाकातून बोलायला लावतं.
नोएलिया कार्कामोच्या कामात ते खाली असतं, पायाशी,
आणि त्याच्या अलीकडे काय लिहिलंय
त्यावर ठरतं, तुम्ही कुठल्या दारात उभे राहणार.

पुएर्तो मोंत. बोटीच्या कंपनीचं ऑफिस.
खाली तिकिटं, वर ती,
खिडकीवर मिठाची साय.
दोन हजार अकरा साली तिनंच लिहिला होता नियम:
कुणी आलं की आधी हातात काय आहे ते बघ.
मोठा पडदा असेल तर तीन डब्ल्यूंच्या दारातून घे,
तिथं समुद्राचे फोटो, मालकांचं मनोगत, हलणारा लाल नांगर.
फोन असेल तर न विचारता वळव
एम आणि टिंबाकडे.
तिथं फक्त वेळा. भाडं.
आणि आज वारा आहे का.

मालकांना ते मोरीकडचं दार वाटायचं,
पाहुण्यांना दाखवू नये असलं.
सगळी बेटं तिथूनच यायची.

आता पानं आपोआप अंग चोरतात, पसरतात,
एकच दार सगळ्यांना पुरतं म्हणे.
सांतियागोहून आलेला बाउतिस्ता
म्हणाला, एम बंदच करू. तीनशे एक लाव.

तीनशे एक म्हणजे: बिऱ्हाड कायमचं हललं, इथं पुन्हा येऊ नका.
तीनशे दोन म्हणजे: जरा बाहेर गेलेत, येतील.
पहिलं ब्राउझर लक्षात ठेवतो,
दुसरं विसरतो.
माणसांचं उलटं.
गेलेल्याचं आपण उरकून टाकतो,
जरा येतो म्हणालेल्याला जन्मभर धरून बसतो.

सोमवारी तिनं नियम लिहिला.
तीन, शून्य, आणि बोट अडलं.
दोन दाबला.
कायमचं ना? बाउतिस्तानं खालून विचारलं.
हो.

बुधवारी नोंदी उघडल्या, मातेची नळी तोंडात तशीच.
एमकडे येणारी बहुतेक यंत्रंच, वास काढत फिरणारी.
त्यांच्यात एक कुणीतरी:
मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे पाच चाळीस,
दहा वर्षांपूर्वीचा फोन, बेटावरचा टॉवर,
वेळांचं पान, नऊ सेकंद, गेलं.
कित्येक वर्षं असंच.
नोंदीत नाव नसतं, सगळेच नपुंसकलिंगी.
तिनं मनात एक बाई धरली,
शिंपल्यांच्या दोन गोण्या, एक हात ओला.
मग वाटलं, मास्तरही असेल.
दात काढायला जाणारं असेल कुणी.

काल ते आलं होतं, पाच चाळीसला.
एमवरून तीन डब्ल्यूंकडे ढकललं गेलं.
समुद्राचा फोटो उतरू लागला असणार
पट्टी पट्टीनं, वरून खाली,
आधी नुसतं आकाश.
एक्केचाळिसाव्या सेकंदाला ते निघून गेलं.
पाच त्रेचाळीसला परत.
पाच सेहेचाळीसला परत.
मग काही नाही.

बोट सहा दहाची असायची.
या आठवड्यापासून सहाची.

त्या रात्री ती ऑफिसात थांबली.
नियमाला एक फट ठेवली, जुन्या फोनांपुरती,
आणि एमच्या दारात एक पान टांगलं,
फोटो नाही, नांगर नाही:
सकाळची बोट आता सहाला. वारा नाही.
स्पेलिंग दोनदा तपासलं.
दिवा मालवताना मनात आलं,
एक दाबला असता तर तो फोन
या दाराशी परत आलाच नसता.
तसं तो आता येईल कशावरून?
तीनदा ढकललेलं माणूस.

शुक्रवार. ती लवकर आली, कोट न काढता बसली.
पाच चाळीस. कुणी नाही.
पाच एकेचाळीस.
पाच बेचाळीसला एक ओळ उमटली खाली:
एम, टिंब, वेळांचं पान.
चार सेकंद.

नऊ लागायचे.
चार.

पळालं असेल.